हिरेमठ बाई आणि चार नद्या

बंद पडलेला कॉम्प्युटर समोर आला की हिरेमठ बाई आधी त्याच्या पाठीवर तळहात ठेवायच्या. बटण दाबायच्या, हात ठेवायच्या आणि डोळे मिटून थोडा वेळ तशाच उभ्या राहायच्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला रुजू झाले. त्या दिवशी प्रयोगशाळेत त्या मला पहिल्यांदा दिसल्या त्या अशाच. इरकली साडी, केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. मला वाटलं, बाई फारच श्रद्धाळू दिसतात, यंत्रालाही आशीर्वाद देतात. मी दारातच अदबीनं थांबले.

डोळे उघडल्यावर त्यांनी मला पाहिलं आणि ओळखपाळख नसताना सांगून टाकलं, "पंखा फिरतोय. मेलेलं न्हाय हे. ह्याला नीट कुणी विचारलं न्हाय अजून."

पंख्याची घरघर मला दारातून ऐकू येत होती. ती समजायला हात कशाला लावावा लागतो, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही.

मी मूळची हुपरीची. आमच्या घरी पैंजणांचं काम चालायचं, त्यामुळे चांदी दिसली की नजर आपोआप कामावर जाते. बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून मी म्हटलं, "बाई, ही डबी आमच्या गावची दिसतेय." त्यांनी डबी हातात धरून उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "मग तू माझी तंगी झालीस की." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. बाई गडहिंग्लजकडच्या. घरी कानडी, शाळेत मराठी आणि कोल्हापूरच्या बायकांसारखं "मी येतो, मी जातो" असं बोलणं. त्या दिवसापासून मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. राजारामपुरीत धाकट्या भावाच्या घरी त्या राहायच्या. भावाला त्या तम्मा म्हणत. त्याची बायको गौरव्वा घर सांभाळायची. गौरव्वा कानडी चौथी शिकलेली, कमी बोलणारी बाई. नणंद-भावजयींचं भांडण कधी झालं नाही, कारण बोलणंच फारसं होत नव्हतं. बाई सकाळी पूजा उरकून डबा घेऊन बाहेर पडायच्या त्या संध्याकाळी परतायच्या, आणि परतल्यावर वाचत बसायच्या. त्यांचं खरं घर म्हणजे आमची प्रयोगशाळा.

त्यांचा आवाज मोठा होता. दोन वर्ग पलीकडे शिकवत असल्या तरी इकडे ऐकू यायचं. पण कोल्हापुरात मोठ्यानं बोलणं हा काही कुणाच्या डोळ्यांवर येण्यासारखा प्रकार नाही. समोरचा माणूस हाताच्या अंतरावर असला तरी इथं रंकाळा तलावापलीकडे हाक मारल्यासारखं बोलतात. त्यामुळे बाईंना ऐकू कमी येतंय, हे कित्येक वर्षं कुणाच्याही लक्षात आलं नाही. बहुधा त्यांच्या स्वतःच्याही नाही.

पुढं दोन-तीन वर्षांनी बंगळूरच्या एका संशोधन संस्थेनं आपले जुने कॉम्प्युटर बदलायला काढले. तिथं बाईंची एक वर्गमैत्रीण होती. तिच्या खटपटीनं त्यातले चार आमच्या कॉलेजला भेट मिळाले. ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून खोकी उतरली तेव्हा सगळा स्टाफ बघायला जमला. आतून निघाली चपटी, करड्या रंगाची, जड पेटीसारखी यंत्रं. कधीकाळी फार मोठ्या गणितांसाठी बनवलेली. आमच्या प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरांशी त्यांचं कशातच जुळत नव्हतं. आतला प्रोसेसर वेगळा, मागची भोकं वेगळी, मॉनिटरची वायरसुद्धा वेगळी. नियमाप्रमाणे संस्थेनं त्यांच्या डिस्क पुसून दिल्या होत्या. म्हणजे बटण दाबलं की पंखा फिरायचा आणि यंत्र गप्प बसायचं. बनवणाऱ्या कंपनीकडे विचारणा केली तर हे मॉडेल आता आम्ही सांभाळत नाही, असं सभ्य उत्तर आलं.

शाहूपुरीतून एक कॉम्प्युटरवाला बोलावला. चांगला माणूस होता, चहासुद्धा न घेता दोन तास खपला. शेवटी हात पुसत म्हणाला, "मॅडम, ह्यात विंडोज चढत न्हाय. चढणारच न्हाय, जातच येगळी हाय. मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, जागा अडवून बसतील."

"चढत न्हाय ते चढवायचं कशाला," बाई म्हणाल्या. "जे चढतंय ते बघूया."

तेव्हा कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी मिळायच्या. त्यातल्याच एका सीडीवर बाईंना लिनक्स सापडलं होतं. कॉम्प्युटर चालू झाल्यावर त्याला चालवणारी जी मूळ प्रणाली असते, ती जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, कुणीही उघडून आत बघावी, बदलावी अशी. बाईंनी आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या, नवं विंडोज न झेपणाऱ्या कॉम्प्युटरांवर ती आधीच चढवून पाहिली होती. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. चित्रं नाहीत, माउस नाही. मी विचारलं होतं, "ह्यात बघायचं काय?" त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "हे लपवत न्हाय काही. चुकलं तर कुठं चुकलं ते सांगतंय. माणसंसुद्धा इतकं सांगत न्हाईत."

या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठीही लिनक्स आहे, हे त्यांनी वाचलं होतं. पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून त्यांनी ती सीडी पोस्टानं मागवली. सीडी आली, पण यंत्रांना सीडी घालायची जागाच नव्हती. मग कळलं की दुसऱ्या कॉम्प्युटरवरून वायरीतून थोडं थोडं करून हे पोटात ढकलता येतं. बाई म्हणाल्या, "बाळाला भरवतात तसं भरवायचं." त्यासाठी लागणारी एक केबल कोल्हापुरात मिळेना. मी म्हटलं, मी करते. लहानपणी पैंजणांच्या कड्यांना डाक देत, म्हणजे धातू वितळवून जोड सांधत बसलेले माझे हात. दोन्ही टोकांना वायरी जोडताना बाई शेजारी स्टुलावर बसून बघत होत्या. काम झाल्यावर जोड नखानं टोकरून पाहिला आणि म्हणाल्या, "पीएचडी राहू दे बाजूला तुझी. हे खरं शिक्षण."

तरीही यंत्र चालेना. चालू केलं की पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा यायची, जणू दारावर थाप मारून कुणी तरी नाव सांगायला विसरतंय. उन्हाळ्याची सुटी लागली, सगळे गावाला गेले. आम्ही दोघी दुपारी पंखा लावून त्या ओळीकडे बघत बसायचो. बाई सायबर कॅफेत जाऊन परदेशातल्या जाणकारांना इंग्रजीत प्रश्न पाठवायच्या, दुसऱ्या दिवशी जाऊन उत्तर आलंय का बघायच्या. कॅफेवाल्या पोराला त्या म्हणायच्या, "माझं टपाल आलंय का?" पहिल्या पाच-सहा जणांनी एकच सांगितलं, यंत्र जुनं आहे, नाद सोडा. मग हंगेरीतल्या एका माणसाचं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं की यंत्राच्या आत एक बारीकशी बॅटरी असते, तिच्या जिवावर यंत्र स्वतःचा पत्ता लक्षात ठेवतं. ती बॅटरी संपलीय. त्याला आपण कोण हेच आठवत नाही, म्हणून ते दुसऱ्या कॉम्प्युटरकडे काही मागू शकत नाही. दर वेळी चालू करताना त्याचा पत्ता हातानं टाइप करा.

बाई ती ओळ वाचून कितीतरी वेळ हसत होत्या. "एवढंच की गं. म्हातारपणी नाव इसरलंय. रोज सकाळी सांगायचं."

पत्ता टाइप केला आणि पडदाभर अक्षरं धावायला लागली. बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. शेवटची ओळ येऊन यंत्र नाव विचारून थांबलं तेव्हा त्यांनी टाइप केलं, हिरण्यकेशी. गडहिंग्लजजवळून वाहणारी त्यांच्या गावाकडची नदी. बाकीच्या तिघींची नावं मग पंचगंगा, वेदगंगा आणि दूधगंगा ठेवली. प्रत्येकीचा आकड्यांचा पत्ता खडूनं तिच्या अंगावर लिहिला. त्या काळात लोडशेडिंग जोरात होतं. वीज गेली की चारी नद्या आपापली नावं विसरायच्या आणि वीज आली की बाई एकेकीपुढे बसून त्यांना ती सांगायच्या. एकदाही वैतागल्याचं मला आठवत नाही. "इरली बिडू," म्हणायच्या. असू दे, सोडून दे.

मुलांना या नद्यांचं फार कौतुक. "मी आज वेदगंगेवर बसणार हाय," अशी भांडणं लागायची. शाहूवाडीच्या डोंगरातून आलेली, कॉम्प्युटर कधी पाहिलेला नसलेली मुलं त्या काळ्या पडद्याला अजिबात बिचकायची नाहीत. त्यांना चित्रांची सवयच नव्हती.

सगळं असं सुरळीत चालू असताना बाईंचे कान गेले. एकदम नाही, पण दोनेक वर्षांत, फार झपाट्यानं. डॉक्टरांनी यंत्र दिलं. ते कानात घातलं की पंखा, बाक सरकणं, रस्त्यावरची रिक्षा, सगळं एकाच मापानं आदळायचं. बाई ते काढून पर्समध्ये ठेवायच्या. समोरच्याच्या ओठांकडे बघून अंदाज बांधायच्या. मी समोर असले की बांधता यायचा, वर्गात नाही.

एके दिवशी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एका मुलीनं उभं राहून विचारलं, "बाई, उद्या प्रॅक्टिकल हाय का?" बाईंना वाटलं तिनं फळ्यावरचं काही विचारलं. त्यांनी वळून मोठ्या आस्थेनं, पहिल्यापासून, लहरींचं समीकरण समजावायला घेतलं. सगळा वर्ग हसला. वाईट मनानं नव्हे, पण हसला. बाईंनी खडू खाली ठेवला आणि त्या प्रयोगशाळेत आल्या.

"तंगी, काय विचारलं तिनं?"

मी सांगितलं. त्यांना ओठ दिसावेत म्हणून समोर उभी राहून, सावकाश सांगितलं.

त्या टेबलावर बोट फिरवू लागल्या. "मी उत्तर बरोबर दिलतो," त्या म्हणाल्या. "प्रश्न तेवढा दुसरा होता."

ही गोष्ट प्राचार्यांपर्यंत गेली. आमचे प्राचार्य इतिहासाचे. जाडजूड, मायाळू माणूस, कुणाला दुखवायला नको म्हणून अडचणीचं काम चहाबरोबर सांगणारा. त्यांनी बाईंना बोलावलं, सोबत मलाही. चहा आला. ते म्हणाले, "बाई, तुम्ही आता दमलात. ग्रंथालयाची जबाबदारी घ्या. शांत काम आहे. नाहीतर स्वेच्छानिवृत्तीसुद्धा आहेच. पोरं काय, वात्रट असतात. तुम्हाला त्रास नको."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी कपात उरलेला चहा संपवला.

"सर, मला शिकवता येतंय का न्हाय?"

"त्याबद्दल प्रश्नच नाही."

"मग मला एक सत्र द्या. वर्ग माझ्या प्रयोगशाळेत घेतो. सत्र संपल्यावर तुम्ही म्हणाल ते."

प्राचार्य माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "काय करणार आहेत त्या?" मला माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर मी तेच बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला ऐकू येत न्हाय. वाचता येतंय की."

लिनक्समध्ये एक जुनी, साधी सोय होती. दोन माणसं दोन कॉम्प्युटरांवर बसली की पडद्याचे दोन भाग व्हायचे. वर आपण लिहायचं, खाली समोरच्याचं एकेक अक्षर उमटताना दिसायचं. बाईंनी त्याच धर्तीवर स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला. चार नद्या आणि आमचे ते जुने कॉम्प्युटर वायरींनी जोडून घेतले. एकेका पडद्यापुढे तीन-तीन मुलं बसणार, त्यांनी लिहिलेलं बाईंच्या पडद्यावर येणार आणि बाईंनी लिहिलेलं सगळ्यांना दिसणार. मराठीची अक्षरं त्या पडद्यावर उमटत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. मी म्हटलं, "बाई, नुसत्या चिठ्ठ्या दिल्या तरी चालतील की." त्यावर त्या म्हणाल्या, "चिठ्ठी आली की वर्ग थांबतो, सगळे चिठ्ठीकडं बघतात. आणि चिठ्ठी कुणी दिली ते दिसतंय. ह्यात दिसत न्हाय."

शेवटच्या वाक्यातलं मर्म मला वर्गात कळलं.

पहिल्या तासाला मी मागं उभी होते. बाई फळ्यावर लिहीत, मोठ्यानं बोलत शिकवत होत्या. थोड्या वेळानं थांबून पडद्याकडे बघायच्या. सुरुवातीला पडदा कोराच. मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. मग पहिली ओळ उमटली. कुणी लिहिली ते कळायला मार्ग नव्हता.

"बाई बहिऱ्या झाल्यात."

वर्गात सगळ्यांच्याच पडद्यावर ती दिसत होती. बटणांची टकटक थांबली. बाईंनी ओळ वाचली, चष्मा वर सारला, आणि खुर्चीवर बसून दोन बोटांनी टाइप केलं.

"व्हय. पुढचा प्रश्न."

कुणी तरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, आणि या वेळी बाईही हसल्या. त्यानंतर प्रश्नांना खळ पडला नाही. मागच्या बाकावर बसणारी, हजेरी घेतानासुद्धा तोंड न उघडणारी मुलं-मुली प्रश्न विचारायला लागली. "बाई हे मधेच दोन कुठनं आलं?" "मला पयल्यापासनं कळलं न्हाय, सगळं परत सांगा." "ह्याचा उपेग काय शेतात?" उभं राहून, सगळ्यांच्या नजरा झेलत, शुद्ध भाषेत हे विचारायची त्यांची छाती झाली नसती. बाई प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. शेतातल्या उपयोगावर तर त्यांनी अख्खा तास घेतला, विहिरीवरच्या मोटरीपासून.

मला आठवतं, त्या सत्रात बाईंचं शिकवणंच बदललं. आधी त्या उत्तम बोलायच्या, पण एकट्याच बोलायच्या. आता पडद्यावर आलेल्या ओळीनं त्यांचं ठरलेलं भाषण दिवसातून चारदा मोडायचं. एकदा तास संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "इतकी वर्षं ह्यांना काय कळत न्हाय ते मला कळलंच न्हवतं बघ. कान चांगले होते तेव्हा."

सत्राच्या शेवटाकडे प्राचार्य वर्ग बघायला आले. मागच्या स्टुलावर बसले. बाई फळ्यावर काहीतरी मांडत होत्या आणि खोलीत फक्त बटणांची टकटक चालू होती. कुणीही मान वर करत नव्हतं. प्राचार्य बसले होते तिथून त्यांना कुठल्याच पडद्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती. तास संपल्यावर ते बाईंसमोर जाऊन, ओठ नीट हलवत म्हणाले, "बाई, पोरं शिस्तीत होती हे खरं. पण वर्गात कुणी काही बोलतच नाही हो."

"बोलत्यात की सर," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू येत न्हाय."

मग बाईंनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर साठलेलं तासाभराचं बोलणं दाखवलं. ते खाली-वर करत ते वाचत होते. वाचता वाचता एके ठिकाणी थांबले आणि हसू दाबत म्हणाले, "हे माझ्या पोटाबद्दल कुणी लिहिलंय?" बाईंनी सांगितलं नाही, कारण त्यांनाही माहीत नव्हतं. ग्रंथालयाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. बाई नियत वयापर्यंत शिकवत राहिल्या.

त्या निवृत्त झाल्या त्या सुमाराला कॉलेजात नवे कॉम्प्युटर आले. चार नद्यांपैकी दोन तोवर थकून खरोखरच बंद पडल्या होत्या. राहिलेल्या हिरण्यकेशी आणि दूधगंगा रीतसर परवानगी काढून बाईंनी घरी नेल्या. हिरण्यकेशी त्यांच्या खोलीत बसली. दूधगंगेला जागा मिळाली स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांशेजारी. मी भेटायला गेले तेव्हा गौरव्वा तिच्यावर फडकं टाकून वर चाळण वाळत घालत होती. मला म्हणाली, "काय करायचं हो ताई ह्याचं? अक्कांचा संसार आमच्या घरात आला बघा." बाई ओठ वाचून म्हणाल्या, "हिला मी शिकवणार हाय."

गौरव्वाला इंग्रजी अक्षरंसुद्धा येत नव्हती. बाईंनी बटणांवर कागदाचे तुकडे चिकटवून कानडी अक्षरं लिहून दिली होती. आता हातात वेळ होता, म्हणून पडद्यावरही कानडीच उमटावी यासाठी ती अक्षरं टिंबाटिंबानं स्वतः बनवून दोन्ही यंत्रांत घातली होती. मला तेव्हा वाटलं, बाईंची ही एक हौस, चार दिवस चालेल. त्यानंतर माझी बदली इचलकरंजीला झाली, मुलाची दहावी आली, आणि राजारामपुरीला जाणं सणावारापुरतं राहिलं. गेले की बाई आपल्या खोलीत बसलेल्या असायच्या, माझ्याशी ओठ वाचत बोलायच्या आणि मधूनच पडद्याकडे बघून काहीतरी लिहायच्या. कधी एकट्याच हसायच्या. मी समजायचे, हंगेरीचा माणूस असेल.

मग एका हिवाळ्यात बाई गेल्या. हृदयाचा त्रास होता, पण कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. सकाळी पूजेला बसल्या आणि तशाच मागं कलंडल्या. लिंगायत रीतीनं समाधी द्यायला माणसं खूप आली होती. जुने विद्यार्थी, शाहूवाडीहून, गारगोटीहून, लांबून लांबून आलेले. कुणी मास्तर झालेलं, कुणी दूधसंस्थेत, कुणी शेतीतच. एरवी मोठ्यानं बोलणारी ही माणसं त्या दिवशी खाणाखुणांनीच एकमेकांना जागा करून देत होती.

काही दिवसांनी तम्मांचा फोन आला. म्हणाले, "अक्काची ती दोन मशिनं काय करायची ते तुम्ही येऊन बघा. आम्हाला काय कळत न्हाय त्यातलं." मी गेले. बाईंची खोली आवरून झाली होती. हिरण्यकेशी बंद होती. स्वयंपाकघरात गेले तर दूधगंगेवर फडकं नव्हतं. बटणांवरचे कानडी अक्षरांचे कागद झिजून गुळगुळीत झाले होते, काहींवर हळदीचे डाग होते.

गौरव्वानं मला पाट दिला आणि स्वतः चुलीपाशी टेकली. मग म्हणाली, "ताई, आम्ही ह्याच्यावर जे लिहायचो, ते आत असतंय का?"

मला वाटलं, तिला बाईंचं काही जपून ठेवायचं असेल. मी सांभाळून म्हटलं, "नाही हो वहिनी. घरच्यासाठी बाई ती जुनी साधी सोय वापरत होत्या. त्यात लिहिलेलं साठत नाही. बोलणं संपलं की पुसलं जातं."

तिनं सुस्कारा सोडला. तो दुःखाचा नव्हता.

"बरं झालं. पोरं, सुना बघतील म्हणून मला काळजी लागली हुती. सगळं घरातलं बोलायचो हो आम्ही. ह्यांचं, सासूबाईंचं. मी लग्न होऊन आलो तेव्हाचं. अक्कांना कुणी मागणी घातली हुती, त्याचं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमचंबी बोलायचो."

"माझं काय?"

"ते सांगत न्हाय," गौरव्वा म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसता पुसता तिला हसू आलं. "अक्का मोठ्या शिकलेल्या. मी चौथी. एका घरात उभा जन्म काढला, भाजीत मीठ कमी हाय का, एवढंच बोलणं. त्यांचे कान गेले आणि मग आम्ही बोलायला लागलो. मी हितं पोळ्या करत लिहायचो, त्या तिकडं वाचून हसायच्या. मला त्यांचं हसणं भिंतीतनं ऐकू यायचं. त्यांना न्हाय, मला ऐकू यायचं."

बाहेरून तम्मांनी विचारलं, "काय ठरलं मग? रिक्षा बोलवू का?"

मी गौरव्वाकडे पाहिलं. ती उठली, नळावर हात धुतले, पुसले आणि दूधगंगेसमोर उभी राहिली.

"ताई, हे न्यायचं असलं तर न्या," ती म्हणाली. "पण आधी मला दुसऱ्या कुणाशी ह्याच्यावर बोलायचं ते शिकवा. धाकटी सून पुण्याला असती. ती बी कधी काय बोलत न्हाय."